उंबऱ्यावर घ्यायचं नाव

दाजी,

तुमच्या ओसरीला आता बिडीचा वास येतो. दहाव्यापासून माणसं यायची थांबलेली नाहीत. येतात, खांबाला टेकून बसतात आणि मग खिशात हात घालतात. सुरुवातीला ओढायला उठून अंगणात जात होती. मग ओसरीच्या कडेला सरकली. आता जिथं तुमचं घोंगडं अंथरलेलं असायचं तिथंच बसून ओढतात, आणि अक्का आतून राखेसाठी एक फुटकी बशी पाठवते. ती बशी बाहेर आलेली पाहिली आणि मी उठलो. सोलापूरची गाडी मिळेल की नाही याचाही विचार न करता सडकेला लागलो.

हे तुम्हाला सांगावं की नाही हे ठरवण्यात बरेच दिवस गेले. तुम्हीच म्हणायचात, "मास्तर, तुमी बोलायच्या आदी इतका इचार करता, की बोलायचं ऱ्हाऊनच जातं." खरं आहे. म्हणून लिहितो आहे. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही.

अक्काचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढं कितीतरी वर्षं तुम्ही म्हणजे वर्षातून एकदा येणारी काळी ट्रंक, बांधलेला बिस्तरा आणि सिगारेटचा वास. मला तो वास आवडायचा. पुस्तकात वाचलेल्या लांबच्या मुलखांचा तो वास आहे असं वाटायचं. तुम्ही फौजेच्या दवाखान्यात हवालदार होता. जखमा बांधायच्या, सुया द्यायच्या, रात्रंदिवस पडलेल्यांच्या उशाशी बसायचं. तुमच्या गावात, कुंभारीत, तुम्हाला 'डाक्टर' म्हणत आणि तुम्ही ते खोडून न काढता नुसते हसायचात. बर्फातल्या ठाण्यावर साखर-तांदळाबरोबर रेशनात सिगारेटीही मिळतात, हे मला तुमच्याकडूनच कळलं. न ओढणारा पोरगाही तिथं महिन्याभरात शिकतो, कारण हात गरम ठेवायला दुसरं काही नसतं, असं तुम्ही सांगितलं होतं. पेन्शनीत आल्यावर सिगारेट परवडेना, मग बिडी आली.

ती कशी सुटली ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत, की मला आता ती डोळ्यांपुढं घडलेली वाटते. बंडल कोनाड्यात असायचं. एका सकाळी ते तिथं नव्हतं. तुम्ही उंबऱ्यावर उभे राहून विचारलंत, "अगं, बंडल कुटं हाय?" आतून अक्का म्हणाली, "कुणाला इचारताय?" तुला की, असं तुम्ही म्हणालात. त्यावर अक्कानं चुलीपुढून उत्तर दिलं, "मला नाव हाय. नाव घेऊन मागा."

ती थट्टाच होती. पण ओसरीवर तुमच्या आई शेंगा फोडत होत्या, चुलते पान खात होते. आपल्याकडं बायकोचं नाव नवरा लग्नात उखाण्यापुरतं घेतो. नंतर 'अगं', 'ऐकलं का', आणि पोर झालं की 'विलासची आई'. वडीलधाऱ्यांसमोर तिचं नाव घेणं म्हणजे अंगावरचं धोतर फेडण्यासारखं. तुमचे कान लाल झाले, असं अक्का सांगायची. तुम्ही तसेच रानात गेलात. दिवस कलल्यावर आई देवळात गेल्या, चुलते उठून गेले, तेव्हा परत त्या उंबऱ्यावर आलात आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "सुभद्रा, बिडी दे." अक्कानं एक दिली. बंडल दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तोच नेम झाला. घर माणसांनी भरलेलं, आणि नाव घेतल्याशिवाय बिडी नाही. "बिडीपरास नाव जड व्हतं, मास्तर," तुम्ही म्हणायचात, "म्हनून सुटली. म्या सोडली न्हाय, ती सुटली." हे सांगताना अक्का तोंडाला पदर लावून हसत असायची. त्या हसण्यात आणखी काही होतं ते मला फार उशिरा कळलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सडकेची कामं निघाली. कुंभारीचं निम्मं गाव खडी फोडायला बसलं. त्यात गेनबा माने होता. फौजेत ट्रक चालवलेला, तुमच्याच वर्षी सुटलेला, दिवसभर हातोडा आणि बिडी. खोकला लागला की तो गुडघ्यांवर वाकायचा. तुम्ही त्याच्या पाठीला कान लावलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "गेनबा, तुझ्या छातीत बी खडीकाम निगालंय रं." लोक हसले. तो मात्र हसला नाही. त्याच दिवशी तुम्ही त्याच्या घरी गेलात, त्याच्या बायकोच्या, काशीबाईच्या, ओटीत बंडल घातलंत आणि नेम सांगितलात. उंबऱ्यावर उभं राहायचं, मोठ्यानं नाव घ्यायचं, मग एक मिळेल. गेनबा म्हणाला होता, "डाक्टर, दुश्मनाच्या गोळीला भ्यालो न्हाय, पर म्हातारीसमोर काशी कसं म्हनू?"

तिथून ते वाढत गेलं. माजी सैनिक साबण, रम आणि सिगारेटी घ्यायला सोलापूरच्या कॅन्टीनवर येत. त्या दिवशी तुम्ही बाहेरच्या लिंबाखाली बसायचात. मी तोवर सोलापुरात मास्तर झालो होतो, शाळा सुटल्यावर मीही यायचो. करमाळ्याकडचा कुणी केमहून रेल्वेनं आलेला, कुणी सांगोल्याकडचा मेंढरं भावाच्या भरवशावर सोडून आलेला. तुम्ही राम राम घालायचात आणि विचारायचात, घरात बायकोला काय म्हणून हाक मारता? काही जणांना वाटायचं डोक्यावर परिणाम झाला आहे. पण पलटणीचं नाव निघालं की माणसं बसायची, आणि बसली की ऐकायची.

तिथंच तुम्ही मला एक गोष्ट दाखवली होती. एक जण दुसऱ्याकडं बिडी मागत होता. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात. "त्याच्या डोळ्यांकडं बघा, मास्तर. बिडी मागणारा मानूस तोंडाकडं कंदी बघत न्हाय. हाताकडं बघतोय. आय असू दे, बायकू असू दे, हाताकडंच." त्यानंतर मी किती जणांना तपासून पाहिलं. तुमचं चुकलेलं नव्हतं.

बायकांची मशेरी तुम्ही त्याच नेमानं सोडवलीत. भाजलेल्या तंबाखूची ती डबी नवऱ्याच्या ताब्यात, आणि हवी असेल तर त्याचं नाव घेऊन मागायची. पुरुष निदान कुढत का होईना नाव घ्यायचे. बायकांना नवऱ्याचं नाव घेणंच शक्य नव्हतं. काशीबाईंची मशेरी आठवडाभरात सुटली, अक्काची त्याच्याही आधी. गेनबाची बिडी मात्र सुटेना. तो निर्लज्ज झाला होता. सकाळी उठल्यापासून वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक, "काशे, बिडी दे!" पोरं त्याच्या नकला करायची. तुम्ही वैतागून काशीबाईंना म्हणालात की आता बंडल देणंच बंद करा. त्या अक्काजवळ कुजबुजल्या आणि अक्कानं ते मला सांगितलं: "न्हाय सुटली तर ऱ्हाऊ द्या. हाक तर मारतोय की."

मी तेव्हा अक्काला विचारलं, तुला गं? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यांची बिडी सुटली आन माजं नावबी सुटलं."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नाही, आणि पुढं वाटलं तेव्हा तुम्हाला धाप लागत होती.

आपली भांडणं दुसरीच होती. माझी खोली विणकरांच्या गल्लीत. समोरच्या ओट्यावर नरसम्मा दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची, तिच्या दोन्ही सुना वळायच्या. तुम्ही आलात की ती तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत ओरडायची, "आला बघा, माझ्या पोटावर पाय द्यायला. हवालदार, तू सगळी दुनिया सोडवतो, मग मी काय वळू? वाती?" तुम्ही तिच्याजवळ बसून पाणी मागायचात आणि सांगायचात की बाई, घाबरू नकोस, तुझं गिऱ्हाईक माझ्यानं संपत नाही. ती म्हणायची, ते तर मलाही दिसतंय.

ती गेली की मी सुरू करायचो. ज्या गावात घराघरांत बिड्या वळल्या जातात तिथं तुम्ही दहा-वीस माणसांची बिडी सोडवून काय होणार? आणि तीही लाजेच्या जोरावर. लाजेनं सुटलेलं व्यसन लाज गेली की परत येतं, असं मी म्हणायचो. माणसाला आधी पटलं पाहिजे. तुम्ही भाकरी मोडत ऐकून घ्यायचात. "पटवायचं काम तुमच्या शाळंत करा, मास्तर. तितं पोरं बाकाला बसल्याली असत्यात. माजा गडी उंबऱ्यावर उभा हाय. तवर तरी सुटतीय की."

एकदा मी हट्टानं विचारलं, आणि मरणाऱ्यानं मागितली तर? तेव्हाही नाव घ्यायला लावणार? तुमचा हात थांबला. म्हणालात, "त्याला द्यायची. म्या दिलीय. पेटवून ओठात धरलीय, एकाच्या न्हाय, लई जनांच्या. तितं नेम कसला?" अक्का भाकरी वाढत होती. मी ते तिथंच सोडून दिलं. वादात मी जिंकलो असं वाटून मला बरंही वाटलं असेल. अक्कानं ते ऐकून ठेवलं होतं.

विलास भरती झाला त्या वर्षी आपण त्याच्या ट्रंकेला कुलूप घ्यायला नव्या पेठेत गेलो होतो. गर्दीतून चालताना तुम्ही मागं राहिलात. वळून पाहिलं तर कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसला होतात, आणि गर्दी बघत बसल्यासारखं दाखवत होतात. दुकानदारानं पाणी दिलं. तुम्ही त्यालाच विचारलंत की घरात बायकोला काय म्हणून हाक मारता. मी हसलो. तुम्ही उठलात तेव्हा माझा खांदा धरलात आणि घरापर्यंत सोडला नाहीत.

विलास पहिल्या सुट्टीवर आला तो सिगारेटचा वास घेऊनच आला. तीच काळी ट्रंक, तोच वास. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत. मला मात्र म्हणालात, "ह्याचं लगीन झालं असतं तर बंडल कुनाच्या तरी हातात देता आलं असतं." तुम्हाला तो नेम आईच्या हाती देऊन चालणार नव्हता, कारण आईला पोरगा नावानं हाक मारतच नाही, आणि 'आई' म्हणायला कुणालाच लाज वाटत नाही. त्या एका पोरासाठी तुमच्याजवळ उपाय नव्हता. पुढं तुमच्या छातीत गाठ सापडली, मुळाशी. सगळा गाव म्हणाला, सोडून इतकी वर्षं झाली, तरी? कॅन्टीनबाहेर एकानं मला ऐकवलं की सोडूनही मरायचं तर सोडायची कशाला.

दवाखान्यातली ती दुपार मला लिहायची आहे, आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

भेटीची वेळ होती. प्राणवायूचं नळकांडं पलंगाशेजारी उभं होतं आणि त्याच्याजवळ आग न्यायची नाही असं परिचारिकेनं आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. अक्का उशाशी, मी पायथ्याशी स्टुलावर. तुमचे डोळे मिटलेले होते. मग तुम्ही ते उघडलेत, हातानं तोंडावरचा मुखवटा बाजूला केलात आणि म्हणालात,

"सुभद्रा."

एवढंच. पुढं काही नाही.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग नळकांड्याकडं. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. त्या घरात ते नाव एकाच कामासाठी घेतलं गेलं होतं. ती वाकली आणि तुमच्या कानाशी म्हणाली, "न्हाय जी. हितं न्हाय देता येत." आणि मान हलवली. तुम्ही जरा वेळ तिच्याकडं बघत राहिलात. मग डोळे मिटलेत. तिनं मुखवटा परत नीट बसवला. पुन्हा तुम्ही हाक मारली नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

दाजी, तुम्ही तिच्या तोंडाकडं बघत होता. तिचे दोन्ही हात पलंगाच्या काठावर होते, तुमच्या अगदी जवळ, आणि तुम्ही हाताकडं एकदाही पाहिलं नाहीत. मी पायथ्याशी होतो, मला स्वच्छ दिसलं. बघायला तुम्हीच शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि आमच्या हिला नावानं हाक मारली. मालती, म्हणालो. आमच्या घरी वडीलधारं कुणी नाही, दोघं शिकलेली, तरी मी कधी मारली नव्हती. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय हवंय?" काही नको, म्हणालो. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. मग दिवा लावायला गेली. तुमच्यामुळं मिळालेलं एवढं एक माझ्याजवळ आहे. त्याबद्दल तुमचे आभार मानायला मी दुसऱ्या दिवशी येणार होतो.

दहावा ओढ्याकाठी झाला. विलासला सुट्टी मिळाली होती, त्यानंच सगळं केलं. पिंड ठेवला, दही-भात ठेवला, आणि आम्ही भोवती उभे राहिलो. समोरच्या बाभळीवर कावळे होते. ते खाली येईनात. ऊन चढलं. तुमच्या भावकीतले म्हातारे पुढं होऊन बोलू लागले. शेताचं बघू. सुभद्रेला अंतर देणार नाही. विलासचं लग्न या साली करू. कावळे बसून राहिले. कुणी तरी म्हणालं, हवालदाराचं मन कशात अडकलंय कुणास ठाऊक.

तेव्हा विलास पुढं झाला. त्यानं शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि आईच्या हातात दिलं. "आबा, सोडली," तो म्हणाला. "ही आईच्या हातात दिली. आता ओढनार न्हाय." गेनबा रडायला लागला. मला वाटलं, आता येईल. मी पुस्तकं वाचलेला माणूस, कावळ्यावर माझा विश्वास नाही; पण त्या क्षणी मी बाभळीकडं असा बघत होतो की मुलांनी पाहिलं असतं तर हसली असती. तुम्हाला जे कधी जमलं नव्हतं ते झालं होतं. तुम्ही यायलाच हवं होतं.

कावळा आला नाही.

बराच वेळ गेला. मग अक्का गेनबाकडं वळली. "भावजी, बिडी हाय?" गेनबाला कळेना. तिनं हात पुढं केला. त्यानं कमरेचं बंडल काढलं, कारण तो ओढतच होता, तुम्ही आजारी पडल्यापासून तो पेन्शनीच्या पैशातलं बंडल काशीबाईंकडं न देता स्वतःजवळच ठेवत होता. त्यानं एक पेटवून दिली. अक्कानं ती पिंडाशेजारी ठेवली, अगदी जपून, जळतं टोक भाताला लागू नये अशी, आणि म्हणाली,

"घ्या. आता कुनी न्हाय म्हनत न्हाय."

बायका रडायला लागल्या. त्यांना सावरायला सगळी माणसं मागं सरली, ओढ्याची कड मोकळी झाली, आणि पहिला कावळा उतरला. मागं सरली म्हणून उतरला असेल. मी तसं तिथं म्हणू शकत होतो. पण आतापर्यंत कोंडलेला श्वास सगळ्यांनी सोडला होता, आणि म्हातारे एकमेकांना सांगत होते की बघा, याच्यातच अडकलं होतं. दुनियेची सोडवली, पण जीव तिथंच होता बिचाऱ्याचा. इतकी वर्षं मन मारलं.

अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि हातातलं पाकीट विलासला परत दिलं. "तुज्या बापाला लई तरास झाला," ती म्हणाली. "तू तसा जीव मारू नगंस."

त्यानं घेतलं, दाजी. काय करणार होता? बापानं त्याचं वचन घेतलं नव्हतं आणि बिडी घेतली होती, सगळ्या गावादेखत.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. सांगोल्याकडचे दोघं, केमहून येणारा एकडोळ्या नाईक, तुम्ही ज्यांना ज्यांना लिंबाखाली बसवलं होतं त्यांच्यापर्यंत ती गोष्ट कॅन्टीनवरून पोचली. माझ्या शाळेच्या शिपायानं ती मलाच सांगितली, मी तिथं होतो हे त्याला माहीत नव्हतं. नेम कुणी मोडला असं म्हणता येत नाही. तो आपोआप पडला. काशीबाई अक्काकडं येऊन बसतात. गेनबाचं बंडल आता त्याच्या कमरेला असतं, त्याला मागावं लागत नाही. त्या म्हणतात, "आता हाक कशाला मारंल?" मशेरीची डबी दोघींच्यामध्ये असते. विलासला सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी त्यानं माझ्यासमोर सिगारेट पेटवली, आणि 'मामा, चालतं ना' असं नजरेनं विचारलं. मी त्याच्या ट्रंकेच्या कुलपाकडं बघत राहिलो.

मी तोंड उघडलं तर यातलं थोडं तरी परत उभं राहील. निदान विलास ऐकेल. मला एवढंच सांगायचं आहे की तुझ्या बापाला त्या दुपारी बिडी नको होती. तो हाताकडं बघत नव्हता. त्यानं तुझ्या आईला नुसती हाक मारली होती, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, काही न मागता.

पण हे विलासला सांगितलं की ते अक्कापर्यंत जाईल. मग तिला कळेल की आयुष्यभर ज्या हाकेची ती वाट बघत होती ती आली होती, आणि तिनं मान हलवून 'न्हाय जी' म्हटलं होतं. बिडी नाकारल्याचं दुःख तिनं ओढ्याकाठी फेडलं. हे कुठल्या ओढ्यावर फेडेल? त्यावर पिंडाशेजारी काय ठेवायचं असतं, दाजी? तुम्हाला उपाय सापडायचे. मला सापडत नाही. तुमचं काम आणि तिची झोप, दोन्ही माझ्याच तोंडात येऊन अडकली आहेत, आणि मी तोंड मिटून घेतलं आहे. बोलायचं राहूनच जातं, असं तुम्ही म्हणायचात. या वेळी ते मी ठरवून राहू दिलं आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत, हा आपला शेवटचा वाद.

परवाच्या रविवारी परत कुंभारीला गेलो होतो. ओसरीवरची माणसं उठून गेल्यावर अक्का बाहेर आली. बशीत राख होती, थोटकं होती. ती उंबऱ्यावर बसली, तुम्ही उभे राहायचात तिथंच. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"म्या तवा दिली न्हाय रं. आता पोचली नव्हं त्यास्नी?"

"पोचली, अक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, बशी उचलली आणि आत गेली.